छतात बसवलेले दिवे काढून पेंडंट कसे लावावेत

छतातला डाउनलाइट काढायचा आणि त्याच भोकातून पेंडंट, म्हणजे छतावरून लटकणारा दिवा, खाली सोडायचा, एवढंच काम आहे असं बहुतेकांना वाटतं. वायर तर आधीच आलेली असते, मग अडचण कसली? अडचण वजनाची आहे. डाउनलाइट फॉल्स सीलिंगच्या बोर्डाला दोन स्प्रिंगच्या कानांनी धरून बसतो, आणि तो मुळातच हलका असतो. पेंडंटचा सगळा भार एका बिंदूवर येतो. पुसताना, बल्ब बदलताना, कुणाचा हात लागला की तो हलतो आणि प्रत्येक हेलकाव्याचा ताण वर जिथे अडकवलाय तिथे बसतो. साडेबारा मिलिमीटर जाडीच्या जिप्सम बोर्डाचं ते काम नव्हे. म्हणून दिवा निवडण्याआधी छताच्या आत काय आहे ते बघा. या लेखातही सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. कायमच्या वायरिंगला हात लावायचं काम अनेक देशांत फक्त परवानाधारक वायरमननेच करायचं असतं. तुमच्याकडे तसा नियम असेल तर तो पाळा. घर भाड्याचं असेल तर आधी मालकाला विचारा. वायरमनकडून काम करून घेणार असाल तरीही पुढचं सगळं वाचा, कारण जागा ठरवणं, उंची ठरवणं आणि झालेलं काम तपासणं या गोष्टी तुमच्याच हातात राहतात.

कोणते दिवे काढायचे, कोणते ठेवायचे

सगळे काढू नका. नवीन लोकांना माझं पहिलं सांगणं हेच असतं.

डाउनलाइट खोलीभर उजेड पसरवतात. पेंडंट, त्यातही धातूच्या बंद शेडचा पेंडंट, खाली एक गोल उजळतो आणि वरचं छत अंधारात टाकतो. स्वयंपाकघरात सगळे डाउनलाइट काढून आयलंडवर, म्हणजे मधल्या मोकळ्या ओट्यावर, तीन सुंदर पेंडंट लावले, की आयलंड झळकतं आणि भिंतीकडचा ओटा काळवंडतो. तिथे उभं राहिल्यावर उजेड पाठीमागून येतो, तुमचीच सावली विळीवर किंवा चॉपिंग बोर्डवर पडते, आणि कोथिंबिरीतली पिवळी पानं दिसत नाहीत. म्हणून भिंतीलगतच्या ओट्यावरचे दिवे तसेच राहू द्या. ते काढायचेच असतील तर वरच्या कपाटांच्या तळाशी एलईडी पट्टी लावायची सोय आधी करा.

पेंडंट शोभतात ते आयलंडवर, जेवणाच्या टेबलावर किंवा बसून खायच्या कट्ट्यावर. शेगडीच्या वर पेंडंट नको. तिथे वाफ, तेलाचे कण आणि उष्णता थेट दिव्याला लागते. कापडी शेड असेल तर ती मेणचट होते आणि आगीचा धोका वाढतो.

बल्ब घेताना तीन आकडे बघा. 2700 ते 3000 केल्विनचा उजेड पिवळसर आणि ऊबदार असतो, 4000 चा पांढरट. छतात उरलेले दिवे 4000 चे असतील आणि पेंडंटमध्ये 2700 चे बल्ब टाकले, तर एकाच ओट्यावर दोन रंग दिसतात आणि डोळ्यांना ते सतत खटकतं. दुसरा आकडा लुमेनचा, म्हणजे बल्ब एकूण किती उजेड देतो त्याचा. ज्या कट्ट्यावर चिरणं-निवडणं होतं तिथे प्रत्येक पेंडंटमागे साधारण 800 लुमेन धरा. तिसरा सीआरआय. तो 90 किंवा त्याहून जास्त असेल तर भाजीचा, मसाल्याचा, भाजलेल्या कांद्याचा खरा रंग दिसतो. स्वयंपाकघरात हे फार महत्त्वाचं आहे, आणि खोक्यावरचा हा आकडा वाचायला लोक विसरतात.

जागा आणि उंची

इथे घाई करू नका. पेंडंटच्या आकाराचा पुठ्ठा कापा, त्याला सुतळी बांधा आणि चिकटपट्टीने छताला लावून दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. स्वयंपाक करा, समोर बसून कुणाशी बोला, कपाटाची दारं उघडा. कागदावर न दिसलेल्या गोष्टी तेव्हा कळतात: दार शेडवर आपटतं, उंच माणसाच्या डोळ्यांसमोर शेड येते, फ्रीजकडे जाताना डोकं लागतं.

साधारण प्रमाण असं आहे. कट्ट्याच्या पृष्ठभागापासून शेडच्या खालच्या कडेपर्यंत 75 ते 90 सेंटिमीटर अंतर ठेवायचं. छत नेहमीपेक्षा उंच असेल तर पेंडंट थोडा वर घेतलेला बरा दिसतो. काचेच्या पारदर्शक शेडमध्ये उघडा बल्ब दिसत असेल तर तो डोळ्यांत खुपतो. तिथे दुधी बल्ब वापरा.

अंतराचा हिशोब सोपा आहे. जितके पेंडंट, त्याच्या दुप्पट भाग करायचे. 180 सेंटिमीटर लांबीच्या कट्ट्यावर दोन पेंडंट असतील तर 45-45 चे चार भाग पडतात. पहिला दिवा 45 वर, दुसरा 135 वर. तीन असतील तर 30, 90 आणि 150 वर. शेड मोठ्या असतील तर तिसऱ्याचा मोह टाळा.

आता खरी कसोटी. तुमचे बिंदू जुन्या डाउनलाइटच्या भोकांशी क्वचितच जुळतात, कारण ती भोकं खोलीच्या मापाने पाडलेली असतात, कट्ट्याच्या मापाने नाहीत. कट्ट्याच्या मध्यरेषेवर खूण करा, छतावरून ओळंबा सोडा आणि तो खुणेवर स्थिरावला की वर पेन्सिलीने बिंदू घ्या. जुन्या भोकापासून हा बिंदू पाच-सात सेंटिमीटरच सरकला असेल तर मोठी कॅनोपी, म्हणजे पेंडंटच्या वरची वाटी, दोन्ही झाकू शकते. अंतर त्याहून जास्त असेल तर भोक बुजवायची तयारी ठेवा. दिवा सोयीसाठी जुन्या भोकात लावून टाकायचा आणि मग वर्षानुवर्षं तो कट्ट्याच्या मध्याला नाही म्हणून चुटपुटत राहायचं, असं करू नका.

वीज बंद करणं आणि खात्री करणं

भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. छतात कायम चालू असलेली फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, आलेली असू शकते, बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असू शकतं, किंवा त्याच भोकातून दुसऱ्या सर्किटची वायर जात असू शकते. त्या सर्किटचा एमसीबी (मेन बोर्डावरचा, बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) बंद करा, त्यावर टेप लावा, ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी लावा आणि घरातल्यांना तोंडी सांगा. कोणता एमसीबी कशाचा हे नक्की माहीत नसेल तर मेन स्विच बंद करा आणि दिवसाउजेडी काम उरका.

मग तपासणी. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा मल्टीमीटर घ्या. आधी तो चालू असलेल्या सॉकेटवर लावून चालतोय याची खात्री करा. मेन स्विच बंद करणार असाल तर हे त्याआधी उरका. मग छतातल्या वायर तपासा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, तिन्ही जोड्या. शेवटी टेस्टर पुन्हा एकदा चालू वायरिंगवर लावून बघा. मधल्या वेळात त्याची बॅटरी संपली असेल तर मेलेला टेस्टर प्रत्येक वायर मेलेलीच दाखवेल. खिशातला पेचकस-टेस्टर किंवा न टेकवता वाजणारा पेन टेस्टर झटपट अंदाजासाठी ठीक आहे. जीव त्याच्या भरवशावर ठेवू नका.

शिडी पक्की हवी, खाली कुणीतरी धरायला हवं. डोळ्यांवर गॉगल आणि नाकावर मास्क लावा, कारण भोकातून धूळ आणि कधी काचलोकर खाली पडते. इमारत जुनी असेल आणि छताच्या थरात अॅसबेस्टॉस असण्याची शंका असेल, तर भोक पाडण्याआधी नमुना तपासून घ्या.

भोकात काय सापडतं

दिव्याची कड दोन्ही बाजूंनी धरून सरळ खाली ओढा. स्प्रिंगचे कान जोरात मिटतात आणि बोट सापडलं तर चांगलंच दुखतं, म्हणून दिवा थोडा खाली आला की दोन्ही कान बोटांनी दाबून धरा. आता आत बघा. बहुधा तीनपैकी एक प्रकार दिसेल.

पहिला आणि आज सगळ्यात जास्त सापडणारा: एलईडी डाउनलाइट आणि त्याच्याजवळ पडलेली काडेपेटीपेक्षा मोठी पांढरी डबी. ती डबी म्हणजे ड्रायव्हर. घरातली एसी वीज तिच्या एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने एलईडीला लागणारी नियंत्रित डीसी वीज बाहेर पडते. डबीवर ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ छापलेलं असतं. साध्या होल्डरचा पेंडंट घरातल्या विजेवर चालतो, म्हणून ड्रायव्हर पूर्ण काढून टाकायचा आणि त्याच्या इनपुटला आलेल्या वायरला पेंडंट जोडायचा. आउटपुटकडचा छोटा प्लग हाताला सोपा लागतो, पण पेंडंट त्याला जोडायचा नाही.

दुसरा प्रकार 12 व्होल्टच्या हॅलोजनचा. त्यात ट्रान्सफॉर्मर असतो. तोही काढा आणि त्याच्या मागची मुख्य वायर घ्या.

तिसरा म्हणजे छताच्या आत ठोकलेला पत्र्याचा डबा, ज्यात स्क्रूचा होल्डर असतो आणि बाजूला लहानसा जंक्शन बॉक्स. अशा डब्यांसाठी तयार रूपांतर किट मिळतं: होल्डरला स्क्रूने फिरवायचा अडॅप्टर, आडवी पट्टी आणि भोक झाकणारी मोठी चकती. हलक्या पेंडंटसाठी ही सोय चांगली आहे, मात्र किटवर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचा आणि एका ग्रॅमनेही ओलांडू नका. पेंडंट जड असेल तर डबा काढून योग्य बॉक्स बसवा.

काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरला कागदी टेप लावून नाव लिहा. रंगांवर आंधळा विश्वास नको. आंतरराष्ट्रीय पद्धतीत फेज तपकिरी, न्यूट्रल निळी, अर्थ हिरवी-पिवळी. बऱ्याच घरांत लाल, काळी, हिरवी. उत्तर अमेरिकेत फेज काळी आणि न्यूट्रल पांढरी. म्हणजे एके ठिकाणची न्यूट्रल दुसऱ्या ठिकाणी फेज असते. शिवाय वायरिंग करणाऱ्याने त्या दिवशी हाताला आलेली वायर वापरलेली असू शकते. रंग बघून अंदाज करा आणि टेस्टरने पक्कं करा.

वजन कशावर टांगायचं

आता कामाचा गाभा.

फॉल्स सीलिंगच्या वर काँक्रीटचा स्लॅब असेल तर वजन स्लॅबलाच द्या. बिंदूच्या बरोबर वर स्लॅबमध्ये ड्रिलने भोक पाडा, धूळ फुंकून किंवा व्हॅक्यूमने पूर्ण काढा आणि धातूचा अँकर फास्टनर ठोकून कसा. धूळ राहिली की फास्टनर नीट आवळत नाही, आणि डोक्यावर टांगलेल्या गोष्टीत ही कसर परवडत नाही. फास्टनरला आटे असलेला रॉड लावून तो फॉल्स सीलिंगच्या पातळीपर्यंत आणा आणि पेंडंटची पट्टी त्याला बसवा. नुसत्या प्लास्टिक प्लगवर छतातून सरळ खाली ओढणारं वजन टांगू नका. प्लग भिंतीत आडवा असतो तेव्हा स्क्रूवर वेगळा ताण येतो, छतात तो सरळ उपटला जातो. ड्रिल चालवण्याआधी स्लॅबमधून जाणाऱ्या पाइपचा अंदाज घ्या. ड्रिल एकदम घसरलं किंवा लोखंडाचा आवाज आला तर थांबा आणि भोक थोडं सरकवा.

वर लाकडी तुळया असतील तर दोन तुळयांच्या मध्ये आडवा लाकडी ठोकळा स्क्रूने बसवा, किंवा तुळयांमध्ये ताणून घट्ट होणारी लोखंडी पट्टी आणि तिच्यावरचा बॉक्स वापरा. ही पट्टी डाउनलाइटच्याच भोकातून आत सरकवता येते, त्यामुळे छत फोडावं लागत नाही. आत हात घालून ती तिरकी न्यायची, बोर्डावर टेकवायची आणि मधला चौकोनी दांडा पान्याने फिरवत राहायचं. दोन्ही टोकांचे दात लाकडात रुतल्याचं हाताला कळतं.

स्लॅब फार उंच असेल किंवा तिथे पोहोचणं अशक्य असेल, तर फॉल्स सीलिंगच्या लोखंडी सांगाड्यावर दोन चॅनेलना जोडणारी जाड प्लायची पट्टी टाकता येते. पण ते चॅनेल स्वतः किती हँगरवर टांगलेत ते बघा आणि पेंडंटजवळ एक जादा हँगर द्या. हा मार्ग हलक्या दिव्यांसाठीच.

आधार बसला की त्याची परीक्षा घ्या. दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी 60598-1 मध्ये, लटकत्या दिव्याच्या टांगणीला दिव्याच्या वजनाच्या चौपट भार एक तास लावून बघतात. तीच पद्धत घरी वापरता येते. पेंडंट 3 किलोचा असेल तर 12 किलो भार हवा. एका लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणून बादली आणि पाणी मिळून 12 किलो होईल असं पाणी भरा, ती आधाराला दोरीने टांगा, खाली गादी ठेवा आणि तासभर त्याखाली कुणाला फिरकू देऊ नका. आधार जराही खाली आला, बोर्डाला केसाएवढी चीर दिसली, किंवा कुरकुर ऐकू आली तर तो आधार काढून पुन्हा बसवा. हा एक तास मला सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

जोडणी

डाउनलाइट बहुतेक वेळा एकातून दुसऱ्याला वायर नेऊन जोडलेले असतात. म्हणून एका भोकात दोन फेज, दोन न्यूट्रल आणि दोन अर्थ सापडल्या तर गोंधळू नका: एक संच येणारा, दुसरा पुढच्या दिव्याकडे जाणारा. दोन्ही एकत्र जोडूनच त्यातून पेंडंटला वायर द्यायची. पुढचा संच मोकळा सोडला तर पुढचे सगळे दिवे बंद पडतील. अर्थ तोडली तर दिवे लागत राहतील आणि संरक्षण मात्र गेलेलं असेल. ही दुसरी चूक जास्त घातक, कारण ती दिसत नाही.

जोड बंद बॉक्समध्येच करा. लिव्हरचे कनेक्टर नवख्या हाताला सगळ्यात सोपे. वायर सुमारे 11 मिलिमीटर सोला, लिव्हर उचला, वायर तळापर्यंत घाला, लिव्हर दाबा आणि ओढून बघा. बाहेर तांबं दिसता कामा नये. दोन वायर पिळून वर टेप गुंडाळणं हा जोड नव्हे. स्वयंपाकघराच्या उष्णतेत टेपचा चिकटपणा जातो आणि जोड उघडा पडतो.

पेंडंटची शेड किंवा कॅनोपी धातूची असेल तर अर्थ जोडणं अनिवार्य. दिव्यावर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर तो दुहेरी इन्सुलेशनचा आहे आणि त्याला अर्थ लागत नाही. तरीही छतातली अर्थ वायर कनेक्टरमध्ये बंद करून बॉक्समध्ये नीट ठेवा. स्क्रूच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना जायला हवी. उलटं झालं तर बल्ब तसाच लागतो, पण तो बदलताना बोट लागेल अशा आट्यांवर फेज असते.

उंचीप्रमाणे वायर कापताना वरच्या जोडणीसाठी 15 ते 20 सेंटिमीटर जादा ठेवा. वायर कॅनोपीत शिरते तिथे तिला पकडणारा क्लॅम्प असतो. तो घट्ट आवळा, म्हणजे वजन क्लॅम्पवर येईल आणि कनेक्टर मोकळे राहतील. तपासायला कॅनोपी बंद करण्याआधी पेंडंट हळूच खाली ओढा आणि आत बघा. कनेक्टरजवळची वायर ताणली गेली तर क्लॅम्प पुन्हा बसवा. एकापेक्षा जास्त पेंडंट असतील तर सगळ्यांची उंची छतापासून न मोजता कट्ट्यापासून मोजा. छत एका टोकाला सेंटिमीटरभर खाली असणं अगदी सामान्य आहे.

उरलेली भोकं

जे भोक आता वापरात नाही त्यातली वायर मूळ जोडापासून काढून टाकणं उत्तम. ते जमत नसेल आणि पुढच्या दिव्याची वायर तिथूनच जात असेल, तर जोड बंद बॉक्समध्ये ठेवून भोकावर काढता येणारं पांढरं झाकण लावा. जिवंत जोड बोर्डाच्या मागे कायमचा पुरायचा नाही.

वायर नसलेलं भोक बुजवणं सोपं आहे. आत प्लायची पट्टी आडवी घालून दोन्ही बाजूंनी स्क्रूने धरा, तेवढाच जिप्समचा गोल तुकडा पट्टीवर बसवा, फटीवर जाळीची किंवा कागदी टेप लावा आणि पुट्टीचे पातळ तीन हात द्या. प्रत्येक हात वाळल्यावर घासा. रंग फक्त ठिगळावर लावला तर उजेडात गोल दिसून येतो, म्हणून शक्य असेल तर पूर्ण छताला हात मारा.

चालू केल्यावर

एमसीबी चढवा आणि मग बटण दाबा. एमसीबी लगेच पडला तर पुन्हा पुन्हा चढवून बघू नका. वीज बंद करून कॅनोपी उघडा, बहुधा कुठेतरी फेजची सोललेली वायर कॅनोपीच्या धातूला लागलेली सापडेल. आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) पडत असेल तर न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागताहेत का ते बघा, किंवा दुसऱ्या सर्किटची न्यूट्रल या जोडात आली आहे का ते तपासा.

दिवा लुकलुकत असेल आणि बटणाऐवजी डिमर असेल तर बल्ब डिमरवर चालणारा आहे का ते खोक्यावर वाचा. जुने डिमर जास्त वॅटच्या बल्बसाठी बनवलेले असतात. एलईडीचा थोडासा भार त्यांना पुरत नाही, म्हणून डिमरच बदलावा लागतो. बटण बंद असूनही बल्ब मंद तेवत असेल तर बटणातला छोटा इंडिकेटर हे कारण असू शकतं. त्यातून अगदी थोडा प्रवाह जात राहतो आणि एलईडीला तेवढाही पुरतो. साधं, इंडिकेटर नसलेलं बटण लावलं की हे थांबतं.

पहिल्या दिवशी दिवे दोन-तीन तास चालू ठेवा, मग वीज बंद करून कॅनोपीला हात लावून बघा. कोमट लागणं ठीक, चटका बसता कामा नये. होल्डरवर लिहिलेल्या वॅटपेक्षा मोठा बल्ब कधीच टाकू नका, विशेषतः बंद शेडमध्ये. महिन्याभराने कॅनोपीचे स्क्रू एकदा आवळून घ्या. स्वयंपाकघरात शेडवर तेलाचा पातळ थर बसतोच. बटण बंद करून, बल्ब गार झाल्यावर, साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेल्या फडक्याने शेड पुसा आणि पुसताना दुसऱ्या हाताने तिला खालून धरा.